आजोबांची पोर्तुगीज रायफल: कोणती, कोणाची आणि चालवावी का?

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका गृहस्थांचा प्रश्न थोडक्यात असा. वडील गेल्या पावसात वारले. त्यांच्या नावावर बंदुकीचा परवाना होता. जुन्या घराच्या कपाटात एक रायफल, तिची संगीन आणि पत्र्याच्या डब्यात काही काडतुसं सापडली. रायफल आजोबांच्या वेळची, म्हणजे पोर्तुगीज काळातली. घरात सगळे तिला ‘थ्री-नॉट-थ्री’ म्हणतात. वर मुकुट कोरलेला आहे, डाव्या अंगाला जर्मन अक्षरांची ओळ आहे आणि शेवटी ‘बर्लिन’ वाचता येतं. मॅगझीन खाली बाहेर आलेलं दिसत नाही. ही रायफल कोणती, ठेवता येईल का, एकदा तरी चालवून बघता येईल का, कशी चालवायची आणि संगिनीचं काय करायचं, असं त्यांनी विचारलंय.

तुम्ही सांगितलेल्या खुणांवरून ही थ्री-नॉट-थ्री नाही. बहुधा माउझर-व्हर्गेइरो आहे. का ते पुढे सांगतो. मात्र चालवायचा प्रश्न सगळ्यांत शेवटचा. त्याआधी चार प्रश्न सुटायला हवेत: ती तुमच्याकडे कायद्यानं आहे का, ती नेमकी काय आहे, ती धड आहे का, आणि तिचं काडतूस कुठलं. चारांतल्या एकाचंही उत्तर अंदाजानं द्यावं लागत असेल तर चाप ओढायचा नाही. मी सैन्यात आर्मरर, म्हणजे हत्यारं तपासून दुरुस्त करणारा होतो आणि निवृत्तीनंतरही लोकांच्या घरातली जुनी हत्यारं बघत आलोय. अपघात झालेले पाहिले ते बहुतेक हा क्रम उलटा केल्यामुळे झालेले.

आज एवढंच करा. मुलांना खोलीबाहेर काढा. नळीचं तोंड अशा बाजूला ठेवा की चुकून बार उडाला तरी माणूस किंवा गुरं समोर नसतील. चिऱ्याची जाड भिंत बरी, पातळ दार नको. बोट चापापासून लांब ठेवून बोल्ट (मुठीनं उघडून मागे सरकणारा दांडा) उघडा, मागे ओढा, चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं तिथे) उजेड पाडून बघा आणि करंगळी घालून चाचपा. मॅगझीनमध्येही बघा. बोल्ट गंजून अडकला असेल तर हातोडीनं ठोकू नका. भरलेली आहे असं समजून तशीच कुलपात ठेवा आणि पोलीस ठाण्याला तसं स्पष्ट सांगा. रिकामी निघाली तर बोल्ट काढून वेगळ्या कुलपात ठेवा. त्यानंतर तिला हात लावू नका.

दुसऱ्या कुणाच्या घरी ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू भरायची बंदूक असेल तर तिथे बोल्टच नसतो, आणि शेताच्या राखणीसाठी भरून ठेवलेला बार वर्षानुवर्षं तसाच राहिलेला असू शकतो. तिची तपासणी गजानं करायची: गज नळीत तळापर्यंत सोडायचा, नळीच्या तोंडाशी खूण करायची, मग तोच गज नळीच्या बाहेरून लावून खूण कुठे येते ते बघायचं. गज कानापर्यंत (नळीच्या बुडाशी असलेल्या, बार पेटवायच्या भोकापर्यंत) पोचत नसेल तर आत काहीतरी आहे. हे करताना तोंडासमोर स्वतःचं डोकंही आणायचं नाही.

आता कायदा. वडिलांचा परवाना वडिलांबरोबर गेला. शस्त्र घराच्या मालमत्तेत धरलं जाईल, वारसांचा त्याच्या किमतीवर हक्कही असेल, पण ते जवळ बाळगायचा हक्क वारशानं येत नाही. शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम २१ सांगतं की जवळ ठेवणं कायदेशीर राहिलं नाही की शस्त्र आणि दारूगोळा विनाकारण उशीर न करता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचा. तुमच्यासाठी ते ठाणं म्हणजे वाळपई. रायफल गोणपाटात गुंडाळून दुचाकीवरून नेऊ नका. आधी ठाण्यात फोन करा, मृत्यूचा दाखला आणि मूळ परवाना दाखवा, आणि ते सांगतील तसं करा. काडतुसंही त्याच खेपेला द्या. काडतुसं बंदुकीच्या परवान्यातच येत असली तरी परवान्याशिवाय ती बाळगणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

मग वारसाच्या नावानं नव्या परवान्याचा अर्ज. शस्त्र नियम २०१६ च्या नियम २५ मध्ये याची सोय आहे. परवानाधारक वारल्यावर कायदेशीर वारसाला परवाना मिळू शकतो. हयातीतही परवानाधारकानं सत्तरी ओलांडली किंवा शस्त्र पंचवीस वर्षं बाळगलं असेल तर तो आपल्या वारसाचं नाव सुचवू शकतो. ज्यांचे वडील, काका अजून आहेत त्यांनी हे आत्ताच करून घ्यावं. नंतरची धावपळ वाचते. अर्ज उत्तर गोव्यात पणजीच्या जिल्हाधिकारी कार्यालयात आणि दक्षिण गोव्यात मडगावच्या. बाकी वारसांचं ना-हरकत पत्र लागतं, आणि इथे आपल्याकडची गंमत सुरू होते. गोव्यात वारस ठरतात ते इथल्या उत्तराधिकार कायद्यानं. घर, काजूची बागायत, कुळागर (सुपारी-नारळाची बाग) यासाठी सहसा सक्सेशन डीड, म्हणजे वारस कोण ते ठरवणारा दस्त, करतात. त्यात सगळ्या वारसांची नावं येतात. आईचा अर्धा हिस्सा स्वतंत्र असतो, त्यामुळे तिची सही विसरू नका. ते डीड हाती असेल तर बंदुकीच्या अर्जात वारस कोण, हा वाद उरत नाही.

अजून दोन गोष्टी. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाकडे दोनच शस्त्रं राहू शकतात, आणि वारशानं आलेलंही त्यात मोजलं जातं. तुमच्या नावावर आधीच बारा बोअरच्या दोन बंदुका असतील तर एक सोडावी लागेल. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: वडिलांच्या परवान्यात बोअर, म्हणजे नळीचं माप, काय लिहिलाय ते वाचा. जुन्या परवान्यांत कारकुनानं घरच्यांनी सांगितलं तेच लिहिलेलं असतं. ‘.३०३’ लिहिलं असेल आणि रायफल दुसरीच निघाली, किंवा ‘.३१५’ लिहिलं असेल आणि रायफल .३०३ निघाली, तर प्रकरण वेगळं होतं. .३०३ आणि ७.६२ मिलिमीटरची सैनिकी काडतुसं ज्यातून झाडता येतात त्या रायफली ‘प्रोहिबिटेड बोअर’ मध्ये येतात. त्यांचा परवाना जिल्हाधिकारी देत नाहीत, तो केंद्राच्या गृह मंत्रालयाचा विषय आहे. म्हणून अर्ज करण्याआधी ओळख पक्की करून घ्या, आणि ती लेखी, पोलिसांच्या आर्मररकडून किंवा परवानाधारक बंदूक-दुरुस्तीवाल्याकडून. ‘बोअर बदलून देतो, काम होऊन जाईल’ असं सांगणारा कुणी भेटला तर त्याच्याकडे पाठ फिरवा. परवान्याशिवाय शस्त्रात बदल करणं हाही गुन्हाच आहे.

ज्यांच्या घरात अशी रायफल आहे पण परवाना कधी नव्हताच, त्यांना वरचं लागू नाही. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्वा शरण आले. त्या धामधुमीत मागे राहिलेलं सामान काही ठिकाणी लोकांनी उचललं, अशा गोष्टी गावागावांत ऐकायला मिळतात. खरं-खोटं सोडा. तशी वस्तू घरात असेल तर आधी वकील गाठा आणि त्याच्यासोबतच ठाण्यात जा. ‘जुनी आहे, शोभेची आहे’ या बळावर राहू नका. कलम ४५ मधली सूट मिळते ती दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नाही अशा जुनाट किंवा मोडक्या शस्त्राला. तेल-पाणी करून चालू होणारी रायफल त्यात बसत नाही.

आता ओळख. हा माझ्या आवडीचा भाग आहे, तेव्हा थोडं लांबेल.

गोव्याच्या जुन्या घरात लांब लाकडाची, सैनिकी वाटणारी रायफल सापडली तर ती साधारण चार-पाच प्रकारांतली असते. पहिला प्रकार क्रोपाचेक, १८८६ सालचं मॉडेल. ऑस्ट्रियातल्या श्टायर कारखान्यात पोर्तुगालसाठी बनलेली, आठ मिलिमीटरची, मुळात काळ्या दारूची. हिला खाली पेटी-मॅगझीन नसतं. काडतुसं नळीखालच्या लांब नळकांड्यात एकामागे एक बसतात, आठ. ‘रिकामी’ म्हणून हातात दिलेल्या क्रोपाचेकमध्ये नळकांड्यात काडतूस राहिलेलं असू शकतं, कारण बोल्ट उघडून चेंबर बघितलं तरी ते दिसत नाही. पोर्तुगालनं या रायफली वसाहतींत फार उशिरापर्यंत वापरल्या.

दुसरा प्रकार तुमचा. जोझे अल्बेर्तू व्हर्गेइरो या पोर्तुगीज पायदळाच्या अधिकाऱ्यानं माउझरच्या रचनेत बदल सुचवले आणि १९०४ मध्ये ती सैन्यानं स्वीकारली. बनवली बर्लिनच्या डॉइच वाफेन उंट म्युनित्सिओन्सफाब्रिकेन या कंपनीनं. डाव्या अंगाची तुमची लांब जर्मन ओळ तीच असणार. मुकुटाखाली ‘सी’ आणि रोमन एक अशी गुंफलेली अक्षरं शोधा. ती राजा कार्लुश पहिला याची. १९०८ मध्ये त्याची हत्या झाली, १९१० मध्ये राजेशाहीच गेली, तरी लोखंडावर त्याचं नाव तसंच राहिलं. आणखी एक पक्की खूण आहे. बहुतेक माउझरमध्ये बोल्टची मूठ मागच्या पुलाच्या (बोल्टवरून आडव्या जाणाऱ्या लोखंडी कमानीच्या) मागे बसते. व्हर्गेइरोत हा पूल वरून चिरलेला आहे. मूठ त्या फटीतून पुढे जाते आणि पुलाच्या पुढे वळते. बोल्ट उघडताना मूठ त्या फटीतून मागे सरकताना दिसली की ओळख झाली.

पण इथेच पेच आहे. मूळ व्हर्गेइरोचं काडतूस ६.५ × ५८. पुढे १९३९ च्या सुमाराला पोर्तुगालनं जर्मन नमुन्याच्या माउझर घेतल्या (१९३७ चं मॉडेल, ७.९२ × ५७ चं), आणि दोन काडतुसं सांभाळायला नकोत म्हणून बऱ्याच जुन्या व्हर्गेइरो नळी बदलून, आखूड करून त्याच ७.९२ मध्ये आणल्या. वरचा मुकुट, बर्लिनची ओळ सगळं तसंच. म्हणजे खुणा बघून रायफल कुठली ते कळतं, काडतूस कुठलं ते कळत नाही. लांबी मोजा: मूळची टोकापासून टोकापर्यंत सव्वा मीटरच्या जवळपास असते, बदललेली स्पष्ट आखूड. त्यावरही शेवटचा निर्णय घेऊ नका. दुरुस्तीवाला चेंबरचा साचा काढतो, पूर्वी वितळलेल्या गंधकाचा, आता कमी तापमानाला वितळणाऱ्या मिश्रधातूचा, आणि मायक्रोमीटरनं मोजतो. नळीतल्या खोबणींचंही माप घेतो. ते झाल्याशिवाय या रायफलीला मी काडतुसाचं नाव देत नाही.

तिसरा प्रकार म्हणजे खरी थ्री-नॉट-थ्री, ली-एनफिल्ड. ती गोव्यात आली असेल तर बहुधा मुक्तीनंतर, ब्रिटिश हिंदुस्थानातून फिरत फिरत. दहा काडतुसांचं पेटी-मॅगझीन चापापुढे खाली लोंबतं. बोल्टची मूठ अगदी मागे, चापाच्या जवळ. बटाच्या मानेवरच्या लोखंडी पट्टीवर उजव्या बाजूला मुकुट, ‘जी.आर.आय.’, ‘इशापूर’ आणि वर्ष. इथे दोन सापळे आहेत. पहिला: पोलिसांसाठी अशा बऱ्याच रायफली .४१० च्या मस्केट केल्या, नळीतल्या खोबणी काढून सपाट केल्या आणि मॅगझीनमध्ये लाकडी ठोकळा बसवला. दिसायला थ्री-नॉट-थ्रीच. दुसरा: ‘डी.पी.’ असं कोरलेलं असेल तर ती फक्त कवायतीसाठी आहे, कधीकधी चेंबरला भोकही पाडलेलं असतं. तिच्यातून गोळी झाडायचीच नाही. तारेनं आवळलेली नळी दिसली तर ती ग्रेनेड फेकायला वापरलेली, तिचाही लोभ सोडा.

मग नकली. सरहद्दीवरच्या खैबरमधल्या लोहारांनी ली-एनफिल्ड आणि मार्टिनी या ब्रिटिश रायफलींच्या हुबेहूब नकला केल्या. हात चांगले, लोखंड कसलं ते देव जाणे. पकडायची सोपी युक्ती: तारीख आणि राणी जुळतात का बघा. व्हिक्टोरिया राणी १९०१ मध्ये वारली. मुकुटाखाली ‘व्ही.आर.’ आणि वर्ष १९१९, असं कोरलं असेल तर कोरणाऱ्यानं जुन्या नमुन्यावरून अक्षरं उचलली. उलटी अक्षरं, वाकड्या ओळी याही खुणाच. अशी रायफल नुसती भिंतीवर लावायची तरी ती परवान्याची बाब आहे. झाडायची तर नाहीच.

आणि पाचवा प्रकार, जो सैनिकी नाहीच: इशापूरच्या कारखान्याची .३१५ स्पोर्टिंग रायफल. गाभा ली-एनफिल्डसारखा, पण लाकूड नळीच्या निम्म्यापर्यंतच. हिचं काडतूस जुन्या ऑस्ट्रियन आठ मिलिमीटर मॅनलिखरवरून आलंय. नॉन-प्रोहिबिटेड आहे, काडतूस बाजारात मिळतं, आणि म्हणूनच परवानाधारकांकडे जास्त करून हीच असते. बऱ्याच घरांत या रायफलीलाही थ्री-नॉट-थ्री म्हणतात.

ओळख पटली की प्रकृती. पहिलं काम क्रमांक. बोल्टवरचा आणि मुख्य गाभ्यावरचा क्रमांक एकच आहे का? कपाटातून, दुरुस्तीतून, पोलीस कोठारातून फिरताना बोल्ट बदलले जातात. दुसऱ्याचा बोल्ट बसतो, फिरतो, घोडाही पडतो. पण बोल्टचं तोंड आणि चेंबर यांतलं अंतर, ज्याला आम्ही हेडस्पेस म्हणतो, ते बिघडलेलं असू शकतं. अंतर जास्त झालं की बार उडताना काडतुसाची पितळी पुंगळी मागे ताणली जाते, बुडाजवळ फाटते, आणि तिथून निघालेला वायू बोल्टच्या कडेनं थेट डोळ्यांकडे येतो. हे गेजनंच मोजतात. थ्री-नॉट-थ्रीसाठी सैन्याची मर्यादा .०६४ ते .०७४ इंच. .०७४ च्या गेजवर बोल्ट बंद झाला तर रायफल बाजूला. टेप चिकटवून अंदाज घेणाऱ्यांना मी गेज दाखवतो आणि गप्प बसतो.

मग नळी. आपल्याकडे भिंतीवर टांगलेल्या बंदुकीत कुंभारमाशी घर करते. बाहेरून तेल लावून चकचकीत केलेली नळी आत मध्यावर सुकलेल्या मातीच्या गोळ्यानं बंद असते. गोळीला पुढे वाट नसेल तर नळी फुगते किंवा फाटते. म्हणून मागून टॉर्च लावून आरपार बघायचं, मग पुलथ्रूला (नळी साफ करायच्या दोरीला) चिंदी लावून ओढायचं, पुन्हा बघायचं. खोबणी दिसतात का, गंजाचे खड्डे चेंबरजवळ आहेत की तोंडाजवळ? तोंडाजवळचे नेम बिघडवतात, चेंबरमधले जीवावर येतात.

बाहेरून न दिसणारा गंज लाकडाखाली असतो. पावसाळ्यात चार महिने लाकूड दमट राहतं आणि नळीला लागून बसलेल्या भागात लोखंड आतून खाल्लं जातं. लाकूड उतरवून बघितल्याशिवाय मी कुठल्याही गोव्यातल्या जुन्या रायफलीला होकार देत नाही. वाळवी, मानेजवळची चीर, बोल्टच्या मागची उभी भेग हे सगळं तेव्हाच दिसतं. घरात खोबरेल तेल चोळायची पद्धत आहे. ते आंबतं, त्यातलं आम्ल लोखंड-पितळाला लागतं, वर धूळ बसून चिकट थर होतो. शिवणयंत्राचं तेल त्यापेक्षा केव्हाही बरं. सेफ्टीची तपासणी रिकाम्या रायफलीवर: बोल्ट चढवा, सेफ्टी लावा, चाप जोरात ओढा, चाप सोडा, मग सेफ्टी काढा. सेफ्टी काढताना घोडा पडला तर आतला सिअर (घोडा अडवून धरणारा खटका) झिजलाय. चापाला पहिला थोडा ढिला प्रवास आणि मग घट्टपणा जाणवला तर घाबरू नका. सैनिकी चाप तसाच दोन टप्प्यांचा असतो.

आता डब्यातली काडतुसं. ती वापरायची नाहीत, एवढं उत्तर पुरेसं आहे, पण कारण ऐका, कारण ते आपल्याच देशातलं आहे. ब्रिटिश काळात लष्कराच्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या पावसाळ्यात आपोआप चिरायच्या. कोडं सुटलं ते १९२१ मध्ये: काडतुसं घोड्यांच्या पागेत साठवली जायची, मूत्रातून निघणारा अमोनिया आणि दमट हवा मिळून ताणलेल्या पितळाला भेगा पाडत होती. इंग्रजीत त्याला अजून ‘सीझन क्रॅकिंग’ म्हणतात. आता सत्तरीतल्या जुन्या घरांची रचना डोळ्यासमोर आणा. गोठा घराला लागून, आणि बंदूक-काडतुसं त्याच बाजूच्या खोलीत. पुंगळीच्या मानेवर केसासारखी उभी रेघ दिसली तर ते काडतूस संपलं. रेघ दिसली नाही तरी पन्नास-साठ वर्षांची दारू कशी जळेल याचा भरवसा नाही.

ओलीनं मरतुकडी झालेली दारू जास्त फसवी. ‘फुस्स’ असा आवाज येतो, धक्का नेहमीपेक्षा हलका, आणि गोळी नळीतच अडकते. पुढचं काडतूस त्याच्यामागे झाडलं की नळी गेली, कदाचित हातही. जुन्या काडतुसांच्या टोपीत (बुडातल्या, दारू पेटवणाऱ्या छोट्या भागात) पोटॅशियम क्लोरेट असतं. जळल्यावर मागे मीठ राहतं आणि ते हवेतलं पाणी ओढतं. गोव्याच्या हवेत एका रात्रीत नळी लाल होते. हे मीठ तेलानं किंवा पेट्रोलनं निघत नाही, ते पाण्यात विरघळतं. म्हणून जुन्या सैनिकांचा नेम: आधी उकळतं पाणी, मग कोरडी चिंदी, मग तेल.

नवीन काडतुसाबद्दल. रायफल ६.५ चीच राहिलेली असेल तर तिचं काडतूस भारतात दुकानात मिळत नाही, तेव्हा चालवायचा विषय संपला. ७.९२ ची असेल तर ‘आठ मिलिमीटर’ एवढं म्हणून काडतूस आणू नका. जर्मनांच्या १८८८ च्या आठ मिलिमीटर गोळीचा व्यास .३१८ इंच, १९०५ च्या गोळीचा .३२३. जाड गोळी बारीक नळीत ढकलली की दाब वाढतो. अमेरिकेतले कारखाने आजही या काडतुसात दारू कमी भरतात, ती याच गोंधळाच्या भीतीनं. आणि आपल्याकडची .३१५ हे तिसरंच आठ मिलिमीटर आहे, कड असलेलं; ते माउझरचं नव्हे. काडतूस चेंबरमध्ये सरकलं म्हणजे ते त्या रायफलीचं झालं असं नाही. परवान्यात लिहिलेल्या बोअरचंच काडतूस, परवानाधारक विक्रेत्याकडून, नोंद करून.

समजा सगळं जुळलं. परवाना तुमच्या नावावर झाला, ओळख लेखी आहे, गेज पास, लाकडाखाली गंज नाही, योग्य ताजं काडतूस मिळालं. तरी बागायतीत जाऊन डोंगराच्या अंगावर झाडायचं नाही. अशा रायफलीची गोळी तीन किलोमीटरच्या पुढे जाऊ शकते. सत्तरीत तेवढ्यात दोन वाडे आणि म्हादई अभयारण्याची हद्द येते. जांभ्या दगडावरून गोळी उसळते ती वेगळीच. रानडुकरांनी कितीही नासधूस केली असली तरी या रायफलीचा त्यांच्याशी संबंध जोडू नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ तुमच्या वारसाहक्काकडे बघणार नाही. लग्नात, चतुर्थीत हवेत बार काढणं तर २०१९ पासून स्वतंत्र शिक्षेचं कलम आहे. जायचं ते मान्यता असलेल्या शूटिंग रेंजवर, तिथल्या अधिकाऱ्याला आधी रायफल दाखवून.

रेंजवर पहिले बार खांद्याला लावून काढायचे नाहीत. रायफल वाळूच्या पिशव्यांत घट्ट बसवायची, सगळ्यांनी आडोशाला जायचं आणि लांब दोरीनं चाप ओढायचा. हे दुरुस्तीवाल्यानं किंवा रेंजच्या माणसानं करावं. मॅगझीन भरायचं नाही, एकेक काडतूस हातानं घालायचं. प्रत्येक बारानंतर पुंगळी उचलून बघायची, आणि तिच्यात वाचायला खूप असतं. बुडापासून थोडं वर चकचकीत कडं दिसतंय? तिथे पितळ ताणलं गेलंय, पुढच्या बाराला फाटेल. टोपी मागे उठून आलीय? हेडस्पेस. टोपी सपाट चेपलीय किंवा तिला छिद्र पडलंय? दाब किंवा फायरिंग पिन. पुंगळी काढायला बोल्ट ठोकावा लागला? चेंबर खरबरीत आहे. यातलं एकही दिसलं की त्या दिवसाचं काम बंद.

तीन-चार पुंगळ्या निर्दोष निघाल्या तर खांद्याला लावा. डोळ्यांना चष्मा, कानांना मफ, हे दोन्ही बघणाऱ्यांनाही. बट खांद्याच्या खळग्यात घट्ट. ढिला धरला तर गालावर आणि खांद्यावर खूण घेऊन घरी जाल. ‘टिक’ झालं आणि बार उडाला नाही तर बोल्ट लगेच उघडू नका. दारू उशिरा पेटू शकते. तोंड लक्ष्याकडे ठेवून निदान अर्धा मिनिट थांबा. आणि गोळ्या लक्ष्याच्या वर लागल्या तर साइटवर कानस चालवायला घेऊ नका. या साइट लांब पल्ल्यासाठी आखलेल्या, ली-एनफिल्डची तर दोनशे यार्डांपासून सुरू होते. शंभर मीटरवर थोडं खाली धरायचं, बस.

माझं मत विचारलंत तर: तुमची रायफल मूळ ६.५ ची, सगळे क्रमांक जुळणारी निघाली तर ती झाडू नका, तशीच जपा. बदललेली ७.९२ ची आणि धड निघाली, परवान्यात बसली, तर वर्षातून थोडे बार काढायला हरकत नाही. काहीच जमलं नाही तर परवानाधारक विक्रेत्याकडे विकता येते किंवा ठाण्यात कायमची देता येते. जमा करताना पावतीवर बोल्टचा आणि गाभ्याचा असे दोन्ही क्रमांक लिहून घ्या, सोबत खांद्याला अडकवायचा पट्टा आणि संगीन असेल तर तीही.

संगिनीचं वेगळं विचारलंत. ती बंदूक नसली तरी शस्त्र नियमांच्या अनुसूचीत धारदार शस्त्रांच्या वर्गात तलवार, खंजीर यांच्यासोबत संगिनीचंही नाव आहे. ‘ती काय, कोयत्यासारखीच’ म्हणून घरी ठेवून रायफल तेवढी जमा करू नका. अर्जात तिच्यासाठी एक वेगळी ओळ घाला, पात्यावरचा क्रमांक लिहा, आणि तो रायफलीच्या क्रमांकाशी जुळतो का, तेही बघून ठेवा.